आप्पांची माती

कॅम्प चारच्या नाक्यावर शिवराम खांद्याला पिशवी लावून दिसले, की सिंधी दुकानदार हमखास टोकायचा, "क्या काका, फिर समुंदर?" शिवराम हसून पुढे जायचे. ऐंशीला टेकलेला माणूस, अंबरनाथच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला, बायको सुनंदाबाई गेल्यापासून खोलीत एकटा. आणि नाद कसला, तर कधीकाळी बुडालेल्या बोटीतली माणसं कुठे पुरली ते शोधायचा!

त्या बोटीत त्यांचे वडील होते. मुंबईहून गावी निघाले होते. शिवराम तेव्हा आईच्या पोटात. घरी प्रेतसुद्धा आलं नाही. वाहून आलेली माणसं किनाऱ्यावरच्या गावांनी तिथेच पुरली, एवढंच आई सांगायची. पाय चालताहेत तोवर आप्पांची जागा बघायची, एवढी एकच इच्छा आता उरली होती. शिरगावला राहणारी लेक मैत्रेयी वैतागायची. "बाबा, हाडंसुद्धा उरली नसतील आता."

त्यांनी कोळीवाडे पालथे घातले, ग्रामपंचायती झाल्या, देवळांचे पुजारीही सोडले नाहीत. प्रत्येक गावच्या बुद्धविहारात मात्र वंदन करायचे, दिलेला चहा प्यायचे आणि काही न विचारता उठायचे. बेवारस प्रेतं उचलायचं काम गावाने पूर्वी कुणाच्या गळ्यात घातलं होतं, हे त्यांना का ठाऊक नव्हतं? पण धम्म घेतला तेव्हा लोकांनी ते काम टाकलं, त्याचा विषयही टाकला. आपल्याच माणसांपुढे तो कोणत्या तोंडाने काढायचा? या भिडेपायी अर्धं आयुष्य गेलं. भिडस्तपणालाही काही सीमा असते!

यंदा गुडघ्यांनी हात टेकले. ही शेवटचीच खेप, हे कळून चुकल्यावर एका विहाराच्या पायरीवर बसलेल्या रखमाबाईंना त्यांनी मान खाली घालून बोटीतल्या माणसांबद्दल विचारलं.

म्हातारी रागावली नाही. "माझ्या सासऱ्यानं पुरली ती," ती म्हणाली. "गाव हात लावीना. एकेकावर धोंडा ठेवलान, कुणीतरी येईल म्हणून. मरेस्तोवर वाट बघत होता."

"कुणी आलं?"

"तुम्हीच."

गेल्या खेपेला शिवराम याच पायरीवर चहा पिऊन गेले होते.

सुरूच्या बनामागे ते धोंडे होते, वाळूत अर्धे रुतलेले, सगळे सारखे.

"यातला माझा बाप कुठला?"

"ते कसं कळावं, बाबा? सासऱ्यालापण ठाऊक नव्हतं."

मेणबत्ती एकच आणली होती. पहिल्या धोंड्यापाशी लावली, त्रिशरण म्हटलं, मग उचलून पुढच्यापाशी नेली. वारा ती विझवायचा, ते पुन्हा लावायचे. जन्मात जी हाक मारायला कुणी मिळालं नव्हतं, ती शिवराम प्रत्येक धोंड्याला मारत गेले. "आप्पा." रखमाबाई पदराचा आडोसा धरून त्यांच्याबरोबर चालत राहिल्या.