आमच्या कंपनीचं अ‍ॅप आणि काकांचं गाऱ्हाणं

आईला काकांचं शेवटचं गाऱ्हाणं ऐकता आलं नाही, ते माझ्यामुळे. दोष गावच्या रेंजवर ढकलून पाहिला, पण घरात कुणी ऐकून घेत नाही.

त्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गणपतीला गावी न जाता आम्ही मुलुंडलाच. आरती चुकल्याचं तिला फारसं काही नव्हतं. आरत्या आमच्या सोसायटीत मजल्यामजल्यावर चालतात. तिला हवं होतं गाऱ्हाणं. आरती संपली की घरातला वडीलधारा गणपतीसमोर उभा राहून मालवणीत सगळ्यांची सुखदुःखं देवाच्या कानावर घालतो आणि बाकीचे हात जोडून दर वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणतात. आमच्याकडे हा मान थोरल्या काकांचा. आपल्या गुडघ्याबद्दल भावजी देवाला काय सांगतात ते तिला ऐकायचं होतं, आणि इथून ‘व्हय महाराजा’ म्हणायचं होतं. थोरले दीर फोनमधून बघतील म्हणून ती डोक्यावर पदर घेऊन तासभर आधीच खुर्चीत बसली होती.

गावी चांगला फोन एकट्या चुलतभावाकडे, आणि तो नेमका माझ्या फोनच्या कंपनीचा नाही, दुसऱ्या कंपनीचा. त्यांचं व्हिडिओ कॉलिंग पूर्वी फक्त त्यांच्या-त्यांच्यातच चालायचं. आता आमच्यासारख्यांना ते एक लिंक पाठवतात. दाबली की झालं. भावाने ती पाठवली. मी दाबली नाही.

का, तर तत्त्व. आमच्या कंपनीने आपलं अख्खं अ‍ॅप त्यांच्या फोनवर दिलंय, आणि हे आम्हाला नुसती लिंक देणार? दारात उभं करून पाणी दिल्यासारखं. या कंपनीने मला कधी पगार दिला नाही की दिवाळीला मिठाईचा पुडा, पण तिच्या मानापमानाची काळजी मीच वाहायचो. भावाला म्हटलं, तूच आमचं अ‍ॅप टाक.

“अरे दादा, लिंक धाडलंय, नुस्ती दाब मरे,” तो म्हणाला. पण मी मोठा. बिचाऱ्याने ऐकलं.

गावच्या रेंजवर ते अ‍ॅप गोगलगायीसारखं उतरत राहिलं. मग त्याने खातं मागितलं, पासवर्ड मागितला. भावाला पासवर्ड आठवेना. बायको म्हणाली, निदान साधा फोन तरी लावा. मी म्हटलं, एकच मिनिट. तिकडे आरती संपली, आणि काका काही माझ्या कंपनीसाठी थांबणार नव्हते.

शेवटी बायकोने माझ्या हातातला फोन घेतला आणि लिंक दाबली. लगेच गावचं माजघर दिसलं. प्रसाद वाटत होते.

रेकॉर्डिंग कुणीच केलं नव्हतं. करणार होता तो भाऊ, आणि तो माझ्या हुकमाने पासवर्ड शोधत होता.

काका स्क्रीनसमोर आले. आईला म्हणाले, तुझं नाव घेतलंय. काय बोललात भावजी, आईने विचारलं. काका हसले. “ता आता आठवता काय? देवासमोर आपसूक येता तोंडात.” आई ‘बरं’ म्हणाली. फोन बंद झाल्यावर तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला.

माघात काका गेले. आईच्या गुडघ्याबद्दल देवाशी त्यांचं नेमकं काय बोलणं झालं, हे आता मला कुठल्याच कंपनीच्या फोनवर मिळणार नाही.

गेल्या गणपतीला गाऱ्हाणं चुलतभावाने घातलं. डॉक्टरांनी प्रवासाला अजून परवानगी दिली नव्हती, म्हणून आम्ही पुन्हा मुलुंडलाच. मी चार दिवस आधीपासून तयारीत. सगळ्या कंपन्यांची जेवढी मिळतात तेवढी अ‍ॅप्स टाकली, दोनदा तालीम केली, भावाची लिंक येताक्षणी दाबली. कॉल लागला. फोन आईसमोर नीट धरून मी जरा ऐटीतच उभा राहिलो.

आईने माझ्याकडे पाहिलं.

“मोबाईल सुनेच्या हातात दी,” ती म्हणाली. “तू हात जोडून गप उभो ऱ्हव.”