मामाच्या शंका आणि मामीचे झिंगे

माझ्या मामाला काही विकून दाखवील असा माणूस साऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. सिंदेवाहीकडच्या तलावावर मासे धरण्यात त्याचा जन्म गेला. पण बाजारात शिरला की तो नुसता गिऱ्हाईक, आणि तेही असं की त्याला लांबून पाहून दुकानदार चहाला उठतात. चपला 'मजबूत' आहेत म्हटलं की मामा दुकानदाराच्या पायाकडे पाहणार. "मंग तू काऊन दुसऱ्या घातल्या?" भोंगा लावलेली गाडी 'सगळ्यात स्वस्त' म्हणत आली की हा ओसरीवरून विचारणार, "कोणापेक्षा?" गाडी निघून जाते, मामा उत्तराची वाट पाहत बसतो. घरातही तीच तऱ्हा. मामीने जीव ओतून कालवण केलं तरी "चालते"च्या पुढे हा गडी कधी गेला नाही.

आणि भोंग्यावरच्या असल्या जाहिराती लिहून, बोलून देणं हाच नेमका माझा धंदा. घरात असा मामा असल्यावर काय डोंबल धंदा होणार!

तीन-चार वर्षांपूर्वी मामी ऊर्जानगरच्या, म्हणजे वीज केंद्राच्या वसाहतीतल्या आठवडी बाजारात वाळलेले झिंगे घेऊन बसू लागली. क्वार्टरातल्या बाया यायच्या, वास घ्यायच्या, पुढे जायच्या. दोन बाजार असेच गेले. "याही बाजारी नाई खपले तं मी काई बसत नाई तिथी. व्यापाऱ्याले देऊन टाकीन," मामी म्हणाली. तिचा चेहरा पाहून मला राहवेना. मी भोंग्यासाठी झकास मजकूर लिहिला: ताजे, स्वच्छ, चविष्ट झिंगे.

"वाळलेले इकते, आन् ताजे म्हणते?" मामा म्हणाला.

मी वैतागलो. "मामा, मग तूच गिऱ्हाईक हो. मनात येईल ते विचार." आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं.

मामा खाटेवर सरसावून बसला. "वाळू किती आहे यात?"

"चाळून आणले. दाताखाली आली तं पैसे वापस," मामी म्हणाली.

"सादळले असन."

"मोडून पाहा. सादळला का वाकते, हा तुटते."

"वास काऊन येते?"

"झिंग्याले झिंग्याचा नाई तं काय मोगऱ्याचा येईन?"

आता चवीचं विचार, अशी मी खूण केली. मामाने तोंड उघडलं, मामीकडे पाहिलं. मग म्हणाला, "चवीचं काय पुसू? जलमभर हिच्याच हातचे खाऊन राह्यलो. दुसऱ्याचे घशाखाली उतरत नाई मले."

मामी चाळणी उचलून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. ते वाक्य मी काढलं नाही; सगळं रेकॉर्डिंग तसंच भोंग्यावर लावलं. त्या बाजारात बाया भोंग्यापाशी थांबल्या, हसल्या, एकेक झिंगा मोडून पाहू लागल्या. उन्हं कलायच्या आत टोपली रिकामी झाली आणि मामीची जागा पक्की झाली.

मामा आता थकलाय. कानांनी दगा दिल्यामुळे गाड्या बिनबोभाट निघून जातात, आणि ते पाहून मला फार वाईट वाटतं. बाजार नसला तरी मामी कधीकधी घरी मामाच्या आवाजातला तो भोंगा लावते. मामा कान पुढे करतो.

"कोण बोलून राह्यला?"

मामी त्याच्या कानाशी वाकते. "जुनं गिऱ्हाईक हाये एक. माह्या झिंग्याची तारीफ करून राह्यलं."

मामा जरा विचार करतो. "खरं नको मानजो," तो म्हणतो.

"बरं," म्हणते मामी, आणि भोंगा पुन्हा पहिल्यापासून लावते.