फुनाबोरीच्या पत्रमावशी

मावशींकडे कोणी पहिल्यांदा गेलं, की चहा यायच्या आधी त्या विचारायच्या, "घरी शेवटचं पत्र कधी लिहिलंस?" फोन केला होता असं सांगून सुटका नसे. "फोनवर माणूस बरा आहे एवढंच सांगतो. दाढ दुखते हे पत्रात लिहितो," असं त्यांचं म्हणणं. तोक्योतल्या आम्हा मराठी मंडळींत त्यांचं नाव पत्रमावशी पडलं ते यामुळे, आणि त्यांच्या एका वेडामुळे.

ते वेड होतं अमेरिकेचं राष्ट्र उभं करणाऱ्या पहिल्या पिढीतल्या पुढाऱ्यांच्या रोजच्या पत्रांचं आणि डायऱ्यांचं. पुण्यात इतिहासात एम. ए. करताना लागलेलं. सत्तरच्या दशकात मोरी-सान या जपानी गृहस्थांशी लग्न करून त्या जपानला आल्या, आणि तोक्योतल्या फुनाबोरी भागातल्या छोट्या घरात ही अमेरिकन मंडळीही राहायला आली. स्टेशनवरून थेट गाडी जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांपर्यंत जायची. तिथून मावशी जाडजूड खंड कापडात बांधून आणायच्या. लढाया आणि राज्यघटना यांत त्यांना फारसा रस नव्हता. "भाषण माणूस उभा राहून करतो. डायरी लिहिताना तो बूट काढून बसलेला असतो," त्या म्हणायच्या. आज हवा कशी होती, गव्हाला कीड लागली का, कोणाच्या हिरड्या सुजल्या, हे त्या अशा सांगायच्या, की ती माणसं समोरच्याच इमारतीत राहत असावीत.

मी पुण्याहून एका सॉफ्टवेअर कंपनीची दुभाषी म्हणून आले होते. जवळच ग्योतोकुला राहायचे आणि शनिवारी मावशींच्या वर्गात जाऊन बसायचे. वॉर्डाच्या सभागृहात त्या जपानी गृहिणींना इंग्रजी शिकवायच्या, तेही या पत्रांवरून. एकदा त्यांनी एका बापाची हकिकत सांगितली. कामासाठी तो युरोपात होता, आणि इकडे घरी धाकटी मुलगी डांग्या खोकल्याने गेली. बातमी बोटीतून येईपर्यंत महिने लागले, तोवर तो मुलगी आहे असं धरूनच चालला होता. वर्गातल्या एका बाईंनी विचारलं, यात चूक कोणाची? "कोणाचीच नाही. मधे समुद्र होता," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.

घरात मावशी नवऱ्याशी जपानीत बोलत. मोरी-सान जहाजांच्या कारखान्यात आराखडे काढायचे. अतिशय अबोल माणूस. जेवताना मावशी त्यांना डायरीतला एखादा दिवस ऐकवायच्या, आणि ते चॉपस्टिक खाली ठेवून ऐकायचे. लेकीशी, एमीशी, मावशी मराठीत बोलायच्या आणि ती जपानीत उत्तर द्यायची. पुढे तिने मैत्रिणींसमोर मराठी बोलू नकोस असं सांगितलं, आणि मावशींनी मराठी हळूहळू आवरती घेतली. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

मग एका हिवाळ्यात मावशींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. काही आठवड्यांनी वाचा परतली, तशी मोरी-सानांनी माझ्या ऑफिसात फोन केला. "बायको बोलते आहे, पण मला काही कळत नाही. तुम्ही याल का?"

मावशी मराठी बोलत होत्या. फक्त मराठी. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. लहानपणची भाषा परत येते, बाकीच्या येतील किंवा येणार नाहीत. डोकं मात्र अगदी साफ होतं. मावशी मला म्हणाल्या, "मी जपानीच बोलते आहे असं वाटतं गं. यांचा चेहरा बघितला की कळतं, नाही. आणि हे बोलतात ते रेडिओवर भलतंच स्टेशन लागावं तसं ऐकू येतं."

दिवसभर मी ऑफिसात जपानी साहेबांच्या मीटिंगांचं भाषांतर करायचे, आणि संध्याकाळी दवाखान्यात मावशींच्या उशी, पाणी, खिडकीचं. पुस्तक समोर धरून मावशींना त्यांच्या डायऱ्याही मराठीत करून सांगायचे. इंग्रजी त्यांना आता कळत नव्हतं, पण मजकूर आठवत असे. "हवेचं लिहिलंय ना, ते गाळू नकोस," त्या बजावायच्या.

एमी ओसाकाहून यायची. आईचा एखादाच शब्द तिला ओळखू यायचा. "लहानपणी हे सगळं कळत होतं मला," असं ती बाहेरच्या बाकावर मला जपानीत म्हणाली.

माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं. मुदतवाढीसाठी मी वरिष्ठांना दोनदा भेटले, ते नाही म्हणाले. हिगाशी-कसाईतल्या मराठी कुटुंबांना मावशींकडे जात जा असं सांगितलं. ती रविवारी आली, चार शब्द बोलली. पण त्यांचीही कॉन्ट्रॅक्टंच होती, आज इथे तर उद्या दुसऱ्या शहरात.

शेवटच्या संध्याकाळी मावशी शांत होत्या. म्हणाल्या, "यांना सांग, उद्यापासून मी बोलणार नाही. मी बोलले की हे घाबरतात. उगाच कशाला?"

मी ते मोरी-सानांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला सांगा, बोल. मला कळलं नाही तरी ऐकायचं आहे." हे मी मराठीत सांगितलं, तशा मावशी नवऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. दोघांमध्ये आणखी काही पोहोचवायचं राहिलं नव्हतं. मी निघाले.

पुण्याला आल्यावर फोन केला. मावशींना घरी आणलं होतं. दोघं ठीक आहेत, असं मोरी-सान म्हणाले. मावशी दिवसभर बोलतात, म्हणाले. मग त्यांनी रिसीव्हर मावशींच्या उशीवर, कानाशी ठेवला. मी हाक मारली. पण त्या नवऱ्याशी बोलत होत्या. "पाय मुडपलाय हो माझा. जरा सरळ करा. दुखतोय."

"हो, हो," मोरी-सानांचा आवाज आला. हा शब्द ते कुठून शिकले होते कोण जाणे. त्यात फार माया होती.

"पाय, अहो, पाय," मावशी म्हणाल्या.

"हो, हो."

मी फोनमध्ये जपानीत ओरडत होते, मोरी-सान, पाय, त्यांचा पाय सरळ करा. पण रिसीव्हर मावशींच्या कानाशी होता, आणि मावशींना जपानी कळत नव्हतं.