बाबांची खुर्ची गाडीत बसवताना

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात पोहोचलेला मी पहिलाच, आणि तेवढ्यानं काही लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. तरी त्या दिवसांचा धक्का अजून अंगातून गेलेला नाही, म्हणून लिहितो.

आम्ही पनवेलजवळ कोनला राहतो. बाबा बंदरात कामाला होते. तिथे उंचावरून पडले आणि कमरेखालची हालचाल गेली. तेव्हापासून ते व्हीलचेअरवर आहेत. उचलून कारमध्ये बसवलं की त्यांची पाठ सहन करत नाही, त्यामुळे बाहेर पडणंच सुटलं होतं. त्यात उरणच्या आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं, आणि सख्खा मामा एकच, माझे बाबा.

“दुसऱ्या कोनाला उभा करा,” बाबा म्हणाले.

आत्या फोनवरच कडाडली, “मंग लगीनच नको!”

बाबांच्या चुलत भावाची, म्हणजे आमच्या काकांची, एक कॅम्परव्हॅन होती. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग आणि शेगडीचं कपाट बसवून ते ती फिरायला जाणाऱ्यांना भाड्यानं देत. ते म्हणाले, “पलंग काडू, खुर्ची सरळ आत घेऊ. हाय काय त्यात!”

चढवायला फळ्यांचा उतार झाला. काकांचं निम्मं आयुष्य मासेमारीच्या होडीवर गेलेलं. खवळलेल्या समुद्रात बर्फाच्या पेट्या बांधतात तशी त्यांनी खुर्ची नायलॉनच्या दोरानं आवळली, दोर चाकांतून ओवून. मीही गाठ ओढून पाहिली, पक्की वाटली. पेटीला चाकं नसतात, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

आधी तपासून पाहू म्हणून खुर्चीत तांदळाची गोणी बसवली आणि गंमत म्हणून तिला बाबांचा शर्ट घातला. बाबा दारातून म्हणाले, “माज्यापेक्षा बरा दिसतो. यालाच मामा करा.”

गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर काकांनी वेग घेतला आणि एकदम ब्रेक दाबला. मी पुढच्या सीटवरून मागे पाहत होतो. दोराच्या आतच चाकं फिरली, खुर्ची पुढे उलटली आणि गोणी शेगडीच्या कपाटाच्या कोपऱ्यावर आपटून फाटली. तांदूळ माझ्या पायांपर्यंत आला. शर्ट छातीवर टरकला होता. काका स्टिअरिंगवरचे हात काढेनात.

घरी बाबांनी तो शर्ट हातात घेऊन पाहिला.

“मी नाय येत.”

“घाबरलास?” काकांनी विचारलं.

“हो. तू नाय घाबरलास?”

काका उठून गाडीतला दोर सोडायला गेले.

मग गाडी कळंबोलीत बॉडी बांधणाऱ्या गॅरेजला नेली. बाबांना व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी नीट पद्धत कोणती ते दाखवून दिलं होतं. खुर्चीचं तोंड पुढेच हवं. गाडीच्या तळातले लोखंडी रूळ तिच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, बोल्टनं धरलेले हवेत. खुर्चीला रुळांशी बांधणारे चार पट्टे, तेही खुर्चीच्या सांगाड्याला, चाकांना नाही. आणि माणसाचा पट्टा वेगळा, तो खुर्चीला नाही तर गाडीलाच अडकलेला. शेगडीचं कपाट काढलं, आरटीओकडून बदल तपासून घेतले. पुन्हा गोणी ठेवून ब्रेक मारला. गोणी जागची हलली नाही. हे ऐकून बाबा आईला एवढंच म्हणाले, “फेटा काडून ठेव.”

लग्नाच्याच दिवशी माझा पेपर होता. पेपर संपल्यावर फोन चालू केला, तर घरच्या ग्रुपवर चुलत बहिणीनं टाकलेला एक फोटो. व्हॅनचं तोंड चेपलेलं, काच फुटलेली, पुढे कंटेनरचा ट्रेलर. खाली एक शब्द नाही. काकांचा फोन बंद. आईच्या फोनची रिंग नुसती वाजत राही. मी कॉलेजच्या पायरीवर बसलो. मित्र पेपरबद्दल विचारत होते. मी कुणाला काय उत्तर दिलं, आठवत नाही.

शेवटी आईचाच फोन आला. मागे बँड वाजत होता, म्हणून ती ओरडून बोलत होती.

“ट्रेलर मदीच थांबला रे! काकाचा कपाल फुटलाय, टाके घातले.”

“आणि बाबा?”

“छातीवर पट्ट्याचा वळ उठलाय. बाकी कायपन नाय. मांडव जवलच होता, खुर्ची ढकलत आनली. आत्ताच भाचीला घेऊन मांडवात गेला तुजा बापूस.”