जप्तीतली खुर्ची

सन १९५४. चैत्रात निकाल, ज्येष्ठात तगादा, कार्तिकात जप्तीचा हुकूम. जबाबदार तिघे: बैल ओढून नेणारे वनखाते, ‘तरतूद नाही’ म्हणणारे अर्थखाते आणि गप्प बसलेले सरकार.

धानोऱ्याकडच्या त्या गाडीवानाला मी चांद्याच्या वनखात्याच्या कचेरीत एकदाच पाहिले. वनखात्याने चुकीने धरलेली त्याची बैलजोडी कोंडवाड्यात मेली होती. न्यायालयाने दिलेली भरपाई मिळेना, म्हणून बेलिफाने साहेबांची खुर्ची जप्त केली आणि त्याला म्हटले, “उचल.”

त्याने मुंडासे सोडून खुर्ची पुसली आणि उभ्या साहेबांकडे सरकवली.

“बसा साहेब. हे नेऊन मी काय करू? खुर्ची गाडी ओढते काय?”

सारे हसले. साहेबही हसले, बसले आणि त्यांनी लगेच लिहून घेतले की वादीने जप्ती सोडली आहे.

दारात त्याने मला आशेने विचारले, “भाऊ, मान राखला मी त्यायचा. आता मले बैलाचे पैसे भेटतीन ना?”



स्वतःविरुद्धचा निकाल पाळण्यापुरती रक्कम सरकारच्या अंदाजपत्रकात का नाही, हे अर्थमंत्र्यांनी विधानसभेत, खुर्ची सोडून, उभे राहून सांगावे.