लोकल नको

कडुबा हे नाव ऐकलं की आमच्याकडचा कोणीही सांगेल, हा गडी फुलंब्री-सिल्लोडच्या पट्ट्यातला. पण वाळूजच्या त्या कंपनीचे अभय साहेब पडले सांगलीचे. त्यांना काय पत्ता! त्यांच्या लेखी कडुबा नागपूरकडचा, कारण आधार कार्डावर बुटीबोरी. चार वर्षं तिकडं राबला होता बिचारा, तेव्हा पत्ता बदलून घेतलेला. परत आल्यावर ठेकेदारानं कानात सांगितलं, "हाच पत्ता राहू दे. इथला म्हणशील तर गेटवरूनच माघारी." कडुबा खोटं बोलला नाही, नुसता गप बसला. आणि सहा वर्षं गप बसणं म्हणजे काय खायचं काम आहे?

दिवाळीला 'नागपूरला' जायला प्रवासाचे धरून दहा दिवस रजा मिळायची, आणि हा पठ्ठ्या पस्तीस किलोमीटरवर आईच्या हातचं खात बसायचा. पण ते तरी सुखानं? बाजाराला निघाला की तोंडाला रुमाल, न जाणो कंपनीतलं कोणी दिसायचं. जेवणाच्या सुट्टीत कोणी गाव विचारलं की हा पाणी आणायला उठायचा.

साहेबांचा हिशेब ठरलेला. "लोकल नको," ते म्हणायचे. "गावात भंडारा असला की लाईन बंद, भावकीत लग्न असलं की दांडी, आणि काही बोललो की पुढाऱ्याचा फोन. बाहेरचा माणूस बरा. खोली आणि मशीन, तिसरी जागा त्याला ठाऊक नसते." स्वतः सांगलीच्या जत्रेला चार दिवस जायचे ते कशात धरायचं, हे कोण विचारणार त्यांना!

आता तर पुढच्या सोमवारी कडुबाचं कायम झाल्याचं पत्र निघणार होतं. सहा वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला, ते पत्र. म्हणूनच की काय, साहेबांनी त्याला नव्या भरतीच्या वेळी शेजारी बसवलं. माणूस पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा करायचा, हात बघायचा आणि सांगायचं.

तीन जण झाले. चौथा आत आला. बन्सी! सख्ख्या मामाचा पोरगा. त्याची कंपनी बंद पडलेली, दोन पोरी शाळेत. कडुबाच्या आईनं, सारजाबाईनं, धाडलं असणार. कडुबानं शंभरदा बजावलं होतं, माझ्या कंपनीत कोणाला पाठवू नको म्हणून. पण भाच्याच्या घरी चूल थंड पडायची वेळ आल्यावर आत्या ऐकते होय?

बन्सीच्या तोंडावर हसू फुललं. आता 'दादा' म्हणणार हा, आणि झालं, सगळं मुसळ केरात! कडुबानं झटकन अर्ज ओढून घेतला, मान खाली घालून विचारलं, "नाव काय तुमचं?"

जन्मात कधी त्यानं बन्सीला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. बन्सीचं हसू जागच्या जागी विरलं. त्यानं शाळेत सांगावं तसं पूर्ण नाव सांगितलं.

प्रेसवर मात्र त्यानं कमाल केली. साच्याची डाय अशी बसवली की कडुबालाही जमली नसती. साहेब खूश. खुर्चीत टेकत त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "कंपनीत ओळखीचं कोणी आहे का?"

कडुबा अर्जावर उगाच रेघा ओढायला लागला.

"नाय साहेब," बन्सी म्हणाला. "कोणीच नाय."

त्याला बाहेर बसवून साहेब कडुबाकडं वळले. "हात चांगला आहे रे. पण पत्ता फुलंब्रीचा. तू जबाबदारी घेत असशील तर एकदा मोडू नियम. बोल."

देवानं दार उघडून दिलं होतं! एक 'घ्या' म्हणायचा अवकाश. पण बन्सी आत आला म्हणजे उद्या त्याला न्यायला मामा येणार, परवा कोणी गाववाला 'कडुबाभाऊ' म्हणून गेटवर हाक मारणार. आणि सोमवार चार दिवसांवर. लाज वाटत होती, भीती त्याहून जास्त वाटत होती.

"नको साहेब," तो म्हणाला. "लोकल आहे."

सुट्टी झाली. शिफ्टच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला तोच आईचा फोन आला. घेऊ नये असं वाटलं, तरी घेतला.

"कडुबा, बन्सी आलाय इथं. काम नाय झालं त्याचं. म्हणतो, दादा आज सुट्टीवर व्हता, भेटच झाली नाय."

कडुबानं खिडकीकडं तोंड फिरवलं.

"मीच चुकले रं," सारजाबाई म्हणाली. "तुला न इचारता धाडलं. तू असतास तर हाताला धरून आत नेलं असतंस त्याला. आता तू कोणत्या दिवशी हाईस तेवढं सांग, तवा परत धाडते."