डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं गाव

एसटी सुटताना आप्पा खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "कुटं बी ऱ्हा, कुणी गाव इचारलं तर कडेगाव सांगायचं." मी एकोणीस वर्षांचा होतो. ओरिसातल्या जंगलाकडेच्या एका गावी, मामाच्या गलाईच्या दुकानावर निघालो होतो. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची. आमच्याकडची कितीतरी पोरं त्यावरच देशभर पांगलीत.

वडलांचं मी जरा जास्तच ऐकलं. वीस वर्षं झाली, लेकरं उडिया शाळेत शिकतात, भाताशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही. तरी गाव विचारलं की तोंडातून कडेगावच. गलाईवाल्यांनो, तुमचंही हेच, उगाच मान हलवू नका.

गेल्या साली जत्रेला घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. दोन वाकळा घेऊनही दात वाजायचे, मग घाम फुटून अंथरूण भिजायचं. गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "कुठले? बाहेरगावी गेला होता का?"

"इथलाच, कडेगावचा. न्हाई, कुटं गेलो न्हवतो," मी म्हणालो. खोटं वाटलंच नाही मला. मी तर घरी आलो होतो ना. इकडे डेंग्यूची साथ होती, त्यांनी त्याच अंगानं औषध दिलं.

दोन दिवसांनी शुद्ध हरपली. दवाखान्यात नेलं तेव्हा मी बडबडत होतो म्हणे, आणि तेही उडियात. बाईंनी विचारलं, ही कुठली भाषा? आई म्हणाली, "आवं बाई, ह्यो ऱ्हातो ओरिसात. हितं चार दिसांचा पाव्हणा हाय."

ओरिसाच्या जंगलाकडं मलेरिया फार, म्हणून बाईंनी लगेच रक्त तपासलं. मलेरिया निघाला, मेंदूपर्यंत जाणारा. शिरेतून इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं विचारलं, "वळखलं का रं?" मी म्हणालो, "चहा दे." ती पदर तोंडाला लावून लय रडली. पुढं तीन दिवस गोळ्या घेतल्या, आणि खडखडीत बरा झालो. वाचलो, दुसरं काय म्हणायचं?

पाव्हणा हा शब्द मला लागला, खोटं कशाला बोलू. पण त्यानंच जीव वाचला. ओरिसाला परत निघालो तेव्हा आप्पा पुन्हा खिडकीशी आले. गजाला धरून म्हणाले, "कुणी इचारलं तर दोनी गावं सांगत जा, बाबा."